तिसरी प्रत

पेटी येणार म्हणून ताई सकाळपासून चार वेळा जिना उतरून रस्ता बघून आल्या होत्या. वय सत्तर, गुडघे कुरकुरणारे, पण आज अंगात वारं शिरलं होतं. पाचव्यांदा निघाल्या तेव्हा खटखटने त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं.

"भाचा आला की बेल वाजवेलच की," ती म्हणाली.

"वाजवेल गं. पण मला धीर धरवत नाही, त्याचं काय करू?"

खटखट म्हणजे ताईंची टायपिस्ट. मशीनच्या आवाजावरून ताईंनीच ठेवलेलं हे नाव इतकं चिकटलं होतं, की तिचं खरं नाव पोस्टमन सोडला तर कुणाच्या लक्षात नव्हतं. ती ताईंच्याच देशातली होती. वीस वर्षं ताईंचं अक्षर लावता लावता तिचे डोळे अधू झाले होते.

ताईंना देश सोडून सव्वीस वर्षं झाली होती. सोडून कसला, हाकललं होतं. राजाचं सरकार नको, सेनापतीचं नको आणि निवडून आलेल्यांचंही नको, माणसं आपलं आपण मिळून बघून घेतील, असं लिहिणाऱ्या बाईला कुठलं सरकार मांडीवर घेणार? संप झाले, तुरुंग झाला, शेवटी बोटीत बसवून दिलं. मग इथल्या दोन खोल्यांत पंधरा वर्षं खपून त्यांनी एक मोठं पुस्तक लिहिलं. छापखान्यात द्यायच्या आदल्या दुपारी खालच्या रंगाच्या दुकानाला आग लागली. मूळ कागद आणि कार्बनची प्रत, दोन्हींची राख झाली.

त्या दुपारी खटखट रस्त्यात उभी राहून ऊर फुटेस्तोवर रडली. ताईंनीच तिला पाणी पाजलं आणि मशीन वाचलं ना, मग झालं, एवढंच म्हणाल्या. बाई दगडाची आहे, असं शेजारी नंतर बरेच दिवस बोलत होते.

खटखटला रडायला आणखी एक कारण होतं. पुस्तकाची तिसरी प्रतही होती.

मशीनवर दोन कागद चढवायचे तिथे ती तीन चढवायची. नोकरी धरली त्याच वर्षी ताईंच्या देशाच्या गुप्त पोलिसांचा एक माणूस तिला वाचनालयात गाठून गेला होता. तिचा धाकटा भाऊ तिकडच्या तुरुंगात होता. कागद येत राहिले तर भाऊ राहील, असं त्याने अगदी शांतपणे सांगितलं. तेव्हापासून दर शुक्रवारी ती आठवड्याची पानं त्याच्या हवाली करायची, आणि महिन्याला भावाचं पत्र यायचं.

पकडलं जाण्याची धास्ती तिला कायम असायची. पण ताईंचं आपलं भलतंच. कळ जोरात मार, शेवटच्या कागदावरही स्वच्छ उमटायला हवं, म्हणून ओरडायच्या. कार्बनची खोकी स्वतः आणून ठेवायच्या. शुक्रवारी तर न मागता लवकर सोडायच्या. इतक्या भोळ्या बाईला आपण फसवतो, हे खटखटला सतत टोचत राही.

आग लागली तेव्हा प्रत आहे म्हणून सांगावं, तर कुठे आहे तेही सांगावं लागलं असतं. ती अकरा वर्षं गप्प राहिली.

गेल्या महिन्यात ते सरकार पडलं. तुरुंग उघडले, भाऊ घरी पोचला. लोक गुप्त पोलिसांच्या कचेरीत घुसले, आणि तिथल्या कपाटात ताईंच्या वकील भाच्याला अख्खं पुस्तक सापडलं. त्याची तार आली त्या दिवशी ताईंनी खटखटला धरून खोलीभर गरगर फिरवलं. पुस्तक जिवंत होतं! खटखटलाही आनंद आवरेना, आणि आता आपलं बिंग फुटणार ही भीतीही.

बेल वाजली. भाचा पेटी घेऊन वर आला. केस पिकलेले, कोट तीन दिवसांच्या प्रवासाने चुरगळलेला. ताईंनी आधी पेटी उघडली, मग त्याला जवळ घेतलं. पानं दोऱ्यात ओवलेली, प्रत्येकावर आकडा आणि शिक्का. ताई मोठमोठ्याने वाचू लागल्या. एक पान गहाळ नव्हतं, एक कोपरा दुमडलेला नव्हता.

"मावशी," भाचा म्हणाला, "ही कार्बनची प्रत आहे. म्हणजे या घरातूनच गेली. टाइप कोण करायचं?"

विचारताना तो बघत होता खटखटकडेच.

"मी दिली," ती म्हणाली. "दर शुक्रवारी. माझा भाऊ आत होता."

भाचा ताडकन उठला. तिकडे अशा लोकांची नावं चौकात लावताहेत, हिचंही लागलं पाहिजे, असं म्हणाला. पानावरून नजर न काढता ताईंनी त्याला आधी आंघोळ करून ये म्हणून सांगितलं. तो काही बोलू गेला, पण त्या आवाजापुढे त्याची मात्रा चालेना. तो आत गेला.

खटखटने चष्मा डबीत घातला, पिशवी उचलली. ताईंनी मात्र टेबलाचा खण ओढला आणि नव्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण, शाई पुरती न वाळलेलं, मशीनशेजारी ठेवलं.

"छापखाने जळतात, घरं जळतात," ताई म्हणाल्या. "कागद जिवापाड जपावेत ते सरकारनेच. बस खाली. आता तिकडे नवं सरकार आलंय म्हणे. त्यांचा माणूस तुला भेटला की नाही अजून?"