अर्जदार पणजोबा

पणजोबा साधे गवंडी. त्यांच्यापायी कोण कागद काळे करणार? पण पणती हट्टाला पेटलेली. चार महिने तिनं नोंदणी कचेरीचे उंबरठे झिजवले. जन्म नाही, लग्न नाही, काही म्हणता काही हाती लागलं नाही.

आज मात्र म्हातारा कारकून हसतच आला. “ताई, सापडले एकदाचे! ते स्वतःच इथं आले होते, कुणाची तरी नोंद शोधायला.”

त्यानं अर्जदारांची नव्वद वर्षांपूर्वीची वही उघडली. पणजोबांचं नाव होतं, शेजारी सहीऐवजी रुंद अंगठा.

‘कोणाची नोंद हवी’ या रकान्यात तिचं नाव होतं. सासरच्या आडनावासकट. नातं: पणती. नोंद: मृत्यूची.

“हा काय चावटपणा?” तिचा आवाज चिरकला.

कारकुनानं चष्मा पुसून पान उजेडात धरलं. “शाई जुनीच आहे हो, ताई.”

शेवटी शेरा होता: ‘नोंद सापडली. क्रमांक चारशे बारा. नक्कल दिली. अर्जदार रडत गेला.’ त्यापुढे नोंदीचं साल लिहिलं होतं, यंदाचं.

कारकुनानं सवयीनं टेबलावरची मृत्यूंची चालू वही ओढली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

चारशे अकरा.