चित्राबरहुकूम

"अहो, थांबा! थांबा म्हणते ना!" पाण्याची झारी हातात तशीच धरून ती जुन्या तटाकडे धावली.

उशीर व्हायचा तो झालाच होता. शिडीवरचा माणूस तारेच्या ब्रशने दगड घासत होता आणि शेवाळाचं हिरवं पाणी खाली ओघळत होतं. तिने फटींत माती भरून जगवलेले नेचे ढिगात पडले होते. नऊ वर्षं ती ही भिंत शिंपत होती, तण उपटत होती आणि हिचीच चित्रं काढत होती. दुसरीकडे कुठे तिचा हात चालतच नसे. नवऱ्याने एकदा घरी टेबलावर फळं मांडून दिली, तर ती तिने चिडून खाऊन टाकली.

"मुकादम, निदान आजचा दिवस द्या. पाया पडते तुमच्या," ती शिडीखाली उभ्या माणसाला म्हणाली.

"ताई, मुळं दगड फोडतात. पाचशे वर्षांची भिंत तुमच्या हौसेपायी पाडू का?"

तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. भांडायचं तरी कशावरून?

"इतकी वर्षं कोणी इकडे ढुंकून बघितलं नाही. आजच कसं सुचलं?"

मुकादमाने खिशातून कागद काढून उलगडला. तिचंच चित्र होतं. मागच्या महिन्यात प्रदर्शनात पुरातत्त्व खात्याचे कुणी मोठे साहेब चित्राजवळ जाऊन जाऊन फोटो काढत होते, तेव्हा ती केवढी हुरळून गेली होती! आता त्यातल्या एकेका रोपाभोवती लाल गोल काढलेला होता.

"साहेब म्हणाले, चित्राबरहुकूम काढा, एक राहायचं नाही. तुमचं काम मोठं चोख हो, ताई. आहे तेच काढता, पदरचं काही घालत नाही. छत्तीस गोल आहेत, पस्तीस रोपं निघाली."

आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, तोही इतका मन लावून रंगवून. तिला रडूही येईना.

मुकादमाने कागदावर खाली बोट ठेवलं. "हे छत्तिसावं तेवढं सापडत नाही. कुठंशी आहे?"

ती दोन पावलं मागे सरकली आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसली. पाठीला ओली, गार पानं लागली.

"ते होय?" ती म्हणाली. "ते मी मनानं काढलंय."