गौसचाचाचे चाळीस आरसे

ऐक की रावज्या, आदी नुसतं ऐक. मधी तोंड घालू नको, मग काय बोलायचं ते बोल.

आमचं हॉटेल उघडायच्या आदीच बाथरूमचे आरसे गंजले. मोहोळ रोडचं नवं हॉटेल, चाळीस खोल्या, अन बाजारातनं आणलेल्या फ्रेमा दोन महिन्यात तपकिरी. आमच्या बोअरचं पाणी लई जड. बादलीत ठेवलं की सकाळी कडेला पांढरा थर. वेणीमाधव शेठ देवयानी मॅडमला सगळ्यांसमोर म्हणले, "तुमी हितं मॅनेजर हाय का पाव्हण्या?"

मग मॅडम मला घेऊन गौसचाचाकडं गेल्या. मी स्टोअर बघतो ना, मापांचा कागद माझ्याकडं. अक्कलकोट रोडला चाचाचं पत्र्याचं शेड, दोन वेल्डिंग मशीन. आयुष्यभर लोखंडी कपाटं केलेला माणूस.

मॅडम म्हणल्या, "चाचा, पाच वर्षं टिकला पायजे आरसा."

चाचा म्हणला, "मग तुमच्या बोअरचं पाणी द्या. एक कॅन."

"पाणी कशाला?"

"लग्नाआदी पोरगी दाखवत न्हाईत व्हय? ह्या पाण्यासंगं नांदायचंय आरशाला."

मॅडम हसल्या. चाचा हसला न्हाय. महिनाभर त्यानं स्टीलच्या पट्ट्या त्या पाण्यात उभ्या ठेवल्या. तीन जातीचं स्टील फेकून दिलं. चौथं चकाचक राहिलं तेव्हाच हो म्हणला. नमुन्याचा पयला आरसा आमच्या स्टाफच्या बाथरूमात लावला. अशी फ्रेम की कोपऱ्यावरनं बोट फिरवलं तर सांधा लागत न्हाय!

शेठचं मोडनिंबला दुसरं हॉटेल उभं राहतंय, ह्याच्या दुप्पट. नमुना बघून शेठ म्हणले, "हे टिकले की तितलं पण काम तुला."

झालं. चाचानं कपाटांची कामं घ्यायची बंद केली. शेडवरची पाटी नवी रंगवून घेतली, 'हॉटेलचे आरसे'. माझ्यासमोर पेंटरला सांगत होता, "मोठ्या अक्षरात काढ की रे, रस्त्यावरनं दिसाय पायजे."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चाळीसच्या चाळीस बसले. पर फरशीवाल्यांनी त्याच्यावर सिमेंटचे शिंतोडे उडवून ठेवलेले. मॅडमचं डोकं फिरलं. मला म्हणल्या, "युवराज, उद्या एक डाग दिसला तर शेठ मला घरी पाठवतील, अन मी तुला." चाळीस बाथरूम, अन हातात एक दुपार! झालं पर सगळं. सकाळी शेठनी आरशात मिशी बघितली, चाचाच्या पाठीवर थाप मारली. चाचाचे डोळे भरून आले.

दहाव्या दिवशी कस्तुराबाई, खोल्या साफ करणारी, पळत खाली मॅडमकडं आली. "ताई, आरशाला कायतर झालंया. घासलं तरी निगंना."

बघतो तर फ्रेमभर तपकिरी ठिपके, देवी आल्यासारखे. आरशाची खालची कड काळी पडलेली. एक न्हाय रावज्या. चाळीसच्या चाळीस!

शेठनी चाचाला बोलावलं. लॉबीत, गिऱ्हाइकांसमोर. "भंगारातलं स्टील घातलंस माझ्या हॉटेलात? मोडनिंब विसर. अन सोलापूर ते पुणे एकाबी हॉटेलवाल्यानं तुला दारात उभं केलं तर नाव बदलीन."

चाचा एका बाथरूमात गेला, फ्रेमवर नख घासलं, नाकाला लावलं. मग तडक स्टाफच्या बाथरूमात. मागनं आमी सगळे. तितला आरसा तेच स्टील, तेच पाणी, उलट जुना. अन एक ठिपका न्हाय!

"शेठ, पाण्यानं न्हाय झालं हे," चाचा म्हणला. "कुणीतरी संडासच्या ॲसिडनं पुसलंय."

सगळे कस्तुराबाईकडं वळले. बिचारीनं हातातलं फडकं पुढं केलं. "लेकराची शपथ, म्या ओल्या फडक्याबिगर हात लावला न्हाय!"

"मग कुणी?" मॅडमनी एकेकाकडं बघून विचारलं.

सगळे एकमेकांकडं बघाय लागले, मीबी.

शेठ म्हणले, "सापडला की मानूस असंच बोलतोय. गौस, कुणी पुसलं त्याचं नाव सांग. न्हायतर आत्ताच्या आत्ता सगळे आरसे उतरव."

चाचानं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग स्क्रू-ड्रायव्हर मागितला.

मॅडमनी मला त्याच्या हाताखाली दिलं. चाळीस आरसे आमी दोघांनी उतरवले, मधी पोती घालून टेम्पोत लावले. म्हातारा घामानं निथळत होता, पर एक शिवी न्हाय, एक उसासा न्हाय. शेठ दारातच उभे, आमच्यापासनं धा पावलांवर.

शेवटचा आरसा टेम्पोत लावला अन चाचानं माझा हात धरला. उलटा केला. बोटांची सालपटं निघालेली, नखं पिवळी. त्यावरनं त्यानं अंगठा फिरवला. शेठकडं बघितलं. मग कानाशी येऊन हळूच म्हणला, "ॲसिडला हात लावताना हातमोजे घाल बेटा. कातडी काय, परत येती."

अन टेम्पोत बसून गेला.

शेठ अजून तितंच उभे होते, रावज्या. आता बोल. तू काय केलं असतंस?