पाठकोरा कागद

“आत्ता केवढा आहे ते नको. पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, ते लिही,” प्रल्हादराव म्हणाले.

नेत्राने कॉर्न स्नेकपुढचा ‘एक फूट’ खोडला, ‘पाच फूट’ लिहिलं आणि तिचा चेहरा पडला.

“बट आजोबा, स्टोअरमध्ये तो एवढुसा होता. पेन्सिलसारखा.”

“दुकानात सगळे एवढुसेच असतात. घरी आणल्यावर वाढतात.”

आजोबा आणि आठ वर्षांची नात जेवणाच्या टेबलाशी बसले होते. बाहेर अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातला मार्चचा मळकट बर्फ वितळत होता. आईला केसाळ प्राण्यांनी शिंका येतात, म्हणून नेत्राला साप हवा होता. “छोट्या जागेत मावणारा असेल तरच. नीट टेबल करून दाखव, मग बघू,” असं तिच्या डॅडीने, म्हणजे शंतनूने, सांगितलं होतं. तो आणि तिची मम्मी आश्लेषा डॉक्टरांकडून परत येईपर्यंत तक्ता पुरा व्हायला हवा होता.

हल्ली या घरात जो तो जागेबद्दलच बोलायचा. खोल्या तीन. एक शंतनू-आश्लेषाची, एक नेत्राची. तिसरी कॉम्प्युटरची, ती गेल्या वर्षापासून प्रल्हादरावांची. नागपूरच्या घराची किल्ली नव्या मालकाच्या हातात देऊन ते आले होते, ते कायमचे. आता मे महिन्यात बाळ येणार होतं. “पाळणा माझ्याच खोलीत लावा. म्हाताऱ्याला तशीही झोप नसते, मी बघेन बाळाकडे,” त्यांनी आपणहून सांगून टाकलं होतं. आश्लेषा “बघू हं, बाबा” म्हणाली होती.

छत्तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलेल्या माणसाला नातीचा हा तक्ता म्हणजे सणच होता. त्यांनी तिला आधी रकाने आखायला लावले. लांबी, पेटी, खाणं, स्वभाव. त्याच्याही आधी तिच्या हातातला नवा कोरा कागद काढून घेतला. प्रिंटरच्या बाजूला शंतनूचे एकीकडून छापलेले कागद पडलेले असत, त्यातला वरचा तिला दिला.

“पाठकोरा कागद वाया घालवायचा नाही. तुझा डॅडी सगळी गणितं असल्याच कागदांवर शिकला.”

गार्टर स्नेक बाद झाला. तो चळवळ्या, लहान पेटीत त्याचे हाल. बॉल पायथनला पुढे पलंगाएवढी पेटी लागली असती. शेवटी उरला केनियन सँड बोआ. नेत्राच्या सापांच्या पुस्तकातलं त्याचं चित्र पाहून प्रल्हादराव खुलले.

“अगं, हा तर आपल्या मांडुळाचा चुलतभाऊ. यातला नर घ्यायचा. दीड-दोन फुटांच्या वर जात नाही. दिवसभर वाळूत अंग पुरून बसतो.”

“एवढ्याशा बॉक्समध्ये? वोंट ही बी सॅड?”

“छे. ऊब द्यायची, लपायला वाळू द्यायची, आठवड्याला उंदराचं एक पिल्लू. बाकी त्याचं काही मागणं नसतं.”

“अँड ठेवायचा कुठे?”

“माझ्या टेबलावर. माझी पुस्तकं खाली ठेवीन. बाळाचा पाळणा, तुझा साप आणि मी. खोली भरली.”

नेत्राने त्यांच्या गळ्यात हात टाकले. मग तक्त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मांडूळ’. दिवाळीपासून ते तिला रोज अर्धा तास मराठी शिकवत होते. गुढीपाडव्याला ती डॅडीला आणि मम्मीला वाचून दाखवून चकित करणार होती. त्या दोघांना अजून पत्ता नव्हता. नेत्राला कळू नये ते अजूनही दोघं एकमेकांना मराठीत लिहीत.

तिने कागद उचलला आणि सहज उलटा केला.

“आजोबा, डॅडीने पण टेबल केलंय.”

छापलेला तक्ता होता. डावीकडे चार ठिकाणांची नावं. रकाने खोलीचा आकार, जेवण, नर्स आणि भेटीच्या वेळा यांचे. वर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘डॅडसाठी सीनियर होम’. शेवटच्या ओळीतल्या खोलीभोवती निळ्या पेनाने गोल केला होता. दहा फूट बाय बारा. चारांतली सगळ्यात लहान. तारीख एक मे.

गोलाशेजारी एक ओळ मराठीत होती. अक्षर गोल, टपोरं. शंतनूचा हात धरून त्यांनीच ते पाटीवर गिरवून घेतलं होतं.

“हे मराठी आहे. मी वाचते,” नेत्रा म्हणाली आणि त्यांनी शिकवल्याप्रमाणे पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं.

प्रल्हादरावांचा हात कागदाकडे गेला आणि मध्येच थांबला. वाचणाऱ्या मुलाला त्यांनी छत्तीस वर्षांत कधी मध्येच अडवलं नव्हतं.

“बा... बां... ना. ए... व... ढी. जा... गा. पु... रे.”

नवं वाचणाऱ्या मुलाचं सगळं लक्ष अक्षरांत असतं. अर्थ मागून येतो, कधी कधी खूप मागून. नेत्रा डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत होती.

“करेक्ट, आजोबा?”

“बरोबर,” प्रल्हादराव म्हणाले. “अनुस्वारसुद्धा सोडला नाहीस.”