वास सुटेपर्यंत

"वास सुटला की गॅस बंद करायचा. एवढंच तर काम हाय," चंपाबाई म्हणाल्या आणि उजेडाकडं तोंड करून उंबऱ्यात तांदूळ निवडायला बसल्या. दिवस मावळायच्या आत जेवणारं घर, चार वाजल्यापासूनच घाई.

सुकुमार अण्णा गॅसपुढं उभे राहिले. पातेल्यात लोणी तडतडत होतं. अण्णांनी डोळे मिटले. वखारीत चाळीस वर्षं ते असेच डोळे मिटायचे. चिमूटभर तंबाखू नाकाशी धरली की माल काळ्या रानातला की माळावरचा, हे सांगून मोकळे! सगळ्या निपाणीत त्यांच्या नाकाला मान होता. मग कोरोना आला. नवरा-बायको दोघंही तापानं फणफणली, चौदा दिवस एकाच खोलीत पडून राहिली. ताप उतरला, तो अण्णांचं नाक घेऊनच गेला.

सहा महिन्यांत वास येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पाच वर्षं झाली. अण्णांनी घरात चकार शब्द काढला नाही. काय सांगणार? तंबाखू पारखणाऱ्याचं नाक मेलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? गुडघ्याचं निमित्त करून त्यांनी वखार सोडली आणि खुर्ची धरली, ती धरलीच.

मुलगा वृषभ बेळगावात नोकरीला. अण्णांचं मन कशात तरी गुंतवायला पाहिजे, असं त्यानं मनावर घेतलं. त्यानं पेटी आणून दिली. ती दीड महिना वाजली आणि पलंगाखाली गेली. मग गुलाबाच्या चौदा कुंड्या आल्या. अण्णा सकाळ-संध्याकाळ फुलात नाक खुपसून उभे. "अण्णा, काय वास सुटलाय हो!" शेजारची सोनल एकदा सहज बोलून गेली. त्याच दिवशी अण्णांनी सगळ्या कुंड्या बस्तीत, जैन देवळात, देऊन टाकल्या. नंतर पहाटे फिरायला जाणाऱ्या मंडळींत गेले. वाट वखारीच्या मागनं जायची. बाकीचे नाकाला रुमाल लावत, हे एकटे छाती फुगवून श्वास घेत. कशाचा काही वास नाही. तेही सुटलं.

"तुमच्या हातनं एक काम तडीला जाईल तर शपथ!" चंपाबाई करवादल्या. शेवटी त्यांनीच हे तूप कढवायचं अण्णांच्या गळ्यात मारलं. त्याआधीच्या दोन्ही खेपेला त्यांच्या हातचं तूप जरा काळसरच झालं होतं. अण्णांनी मात्र ते भातावर ओतून घेत "वास झकास!" म्हटलं होतं. पाच वर्षं रोज जेवताना ते हेच म्हणत आले होते. लपवायचं तर तेवढं बोलावंच लागे.

आज अण्णांनी डोळे गच्च मिटले. बघून कळलं असतं, पण बघायचं नाही. एकदाच येऊ दे रं देवा, पुन्हा काही मागणार नाही. तडतड थांबली. अण्णांनी श्वास ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. मागं सुपात तांदूळ खुळखुळत होते.

"अगं बाई!" सोनल मागच्या दारानं धावत आली आणि तिनं गॅस बंद केला. पातेल्यात बेरीचा कोळसा झाला होता. "दोघंबी हितंच हायसा आन् तूप जळून गेलं की! आमच्या माडीपतोर वास आलाय!" तिनं खिडकी सताड उघडली, पातेलं उचललं आणि परसात नेलं.

आता अण्णांनी लपवून काय उपयोग होता?

"अगं, मला वासच येत न्हाय. त्या तापापास्नं. झकास, झकास म्हणत हुतो, ते समदं खोटं," ते म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. आता चांगली खरडपट्टी निघणार म्हणून ते खाली मान घालून उभे राहिले.

चंपाबाईंच्या मांडीवरचं सूप कलंडलं, तांदूळ फरशीवर पसरले. ते भरायला त्या वाकल्या नाहीत.

"छंद म्हणून न्हाय दिलं मी तुमाला तूप," त्या म्हणाल्या. "दोनदा माझ्या हातनं जळालं. म्हटलं, घरात एक तरी नाक शाबूत हाय."