वाया गेलेला टेक

१९३१ साली बर्लिनच्या स्टुडिओत आमचा विनोदी बोलपट दोन भाषांत निघत होता. सेट एक, नायक एक, त्याची टोपीही एकच. सकाळी मी जर्मन बोलत नकळत त्या टोपीवर बसायचे. जेवणानंतर माझाच झगा कमरेत टाचून फ्रेंच नटी ओदेत फ्रेंच बोलत त्याच टोपीवर बसायची.

माझे टेक पहिल्या झटक्यात ओके. तिचे मात्र चारचार वाया जायचे, कारण दिवे सांभाळणारा म्हातारा क्रूझ फिस्सकन हसायचा आणि माइक ते हसू टिपायचा. त्याला फ्रेंचचा एक शब्द कळत नव्हता. माझं वाक्य न् वाक्य कळायचं, तरी माझ्या वेळी मेला खांबासारखा उभा! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"तुमच्यामुळे फिल्म वाचते, बाई," दिग्दर्शक म्हणायचे. आग लागो त्या फिल्मला!

शेवटच्या दिवशी मी टोपीवर बसले, दचकून उठले आणि कुणीतरी खदखदून हसलं. टेक वाया गेला.

"कोण आहे ते?" दिग्दर्शक कडाडले.

मी ऐटीत क्रूझकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवून सेटच्या मागे बोट दाखवलं.

तिथे ओदेत होती. माझ्या झग्याची वाट बघत थांबलेली, तोंडावर हात दाबून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारी. तिला जर्मनचा एक शब्द कळत नव्हता.

"बाहेर काढा तिला!" दिग्दर्शक ओरडले.

"खबरदार," मी म्हटलं, "तिला तिथून हलवलंत तर!"